क्रिस्टॉफरसनने साहित्य सोडलेच नव्हते

१

क्रिस क्रिस्टॉफरसन २८ सप्टेंबर २०२४ रोजी हवाईतील माउई बेटावरच्या आपल्या घरी वारला. तो ८८ वर्षांचा होता. त्यानंतरच्या आठवड्यात इंग्रजी वृत्तपत्रांतून आलेले मृत्युलेख ज्यांनी वाचले असतील, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल: लेख कुणाचाही असो, कथा एकच होती. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकलेला आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत साहित्य शिकवण्याची नेमणूक हाती असलेला एक तरुण लष्करी अधिकारी सारे काही सोडून नॅशव्हिलला जातो. तिथल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत झाडू मारतो, कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करतो. आणि एके दिवशी जॉनी कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवून आपल्या गाण्याची फीत त्याच्यापर्यंत पोहोचवतो. विद्वानाचा झाडूवाला झाला आणि झाडूवाल्याचा तारा झाला. ऐकणाऱ्याला बरे वाटते, सांगणाऱ्यालाही फार विचार करावा लागत नाही.

या कथेतील बहुतेक तपशील खरे आहेत. तरीही कथा म्हणून ती खोटी आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि हे म्हणणे केवळ एका परदेशी गायकाच्या चरित्रापुरते असते, तर ते इथे मांडण्याचे कारण नव्हते. ही कथा खोटी ठरते ती तिच्या तळाशी असलेल्या गृहीतकामुळे. साहित्य ऑक्सफर्डमध्ये असते, गाणे नॅशव्हिलमध्ये; पहिली जागा वरची, दुसरी खालची; आणि पहिलीकडून दुसरीकडे जाणे म्हणजे साहित्य 'सोडणे', असे ते गृहीतक आहे. त्याच्या आईवडिलांना या सोडण्याची लाज वाटली, मृत्युलेख लिहिणाऱ्यांना त्याचे कौतुक वाटते. पण ते 'सोडणे' होते याविषयी दोघांचेही एकमत आहे. साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक म्हणून आपलेही बहुधा तेच मत असते. या एकमताला माझा विरोध आहे.

२

आधी जे घडले ते सरळ पाहू. क्रिस्टॉफरसनचा जन्म २२ जून १९३६ रोजी टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल या सीमेवरच्या गावी झाला. वडील हवाई दलात अधिकारी होते, पुढे मेजर जनरलच्या पदापर्यंत पोहोचले. मुलाने कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयातून १९५८ मध्ये साहित्याची पदवी घेतली. विद्यार्थी असतानाच 'अटलांटिक मंथली' या नियतकालिकाच्या महाविद्यालयीन कथास्पर्धेत त्याच्या कथांना बक्षिसे मिळाली होती. त्याला कादंबरीकार व्हायचे होते. तेथून तो ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात गेला, विल्यम ब्लेक वाचला, विद्यापीठाच्या वतीने मुष्टियुद्ध खेळला आणि १९६० मध्ये तिथली पदवी घेऊन परतला. नंतर घराण्याच्या रिवाजाप्रमाणे सैन्य: रेंजर प्रशिक्षण, हेलिकॉप्टरचे वैमानिकत्व, पश्चिम जर्मनीतील नेमणूक आणि कॅप्टनचा हुद्दा. १९६५ मध्ये वेस्ट पॉइंटला इंग्रजी साहित्य शिकवायला जाण्याऐवजी त्याने राजीनामा दिला आणि तो नॅशव्हिलला राहायला गेला. आईने पत्र लिहून संबंध तोडले, हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे.

त्यानंतरची पाच वर्षे मृत्युलेखांत दोन वाक्यांत संपतात. खरे तर ती पाच वर्षेच महत्त्वाची आहेत. कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत तो सफाईचे काम करीत होता. १९६६ च्या सुरुवातीला बॉब डिलन तिथे 'ब्लाँड ऑन ब्लाँड'चे ध्वनिमुद्रण करीत असताना तो त्याच इमारतीत होता, पण डिलनशी बोलण्याची त्याची हिंमत झाली नाही. नंतर लुईझियानात एका कंपनीसाठी तो मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींवर कामगारांची ने-आण करणारे हेलिकॉप्टर चालवू लागला. एक आठवडा आखातात वैमानिक, दुसरा आठवडा नॅशव्हिलमध्ये प्रकाशकांचे उंबरे झिजवणारा गीतकार, असा त्याचा क्रम होता. समुद्रातल्या तेलफलाटावर बसून त्याने आपली काही उत्तम गाणी लिहिली.

आता त्या प्रसिद्ध हेलिकॉप्टरविषयी. कॅश ही गोष्ट रंगवून सांगत असे: एका हातात बिअरचा डबा आणि दुसऱ्या हातात फीत घेऊन हा माणूस यंत्रातून उतरला, वगैरे. क्रिस्टॉफरसनने नंतर स्पष्ट केले, की तो उतरला तेव्हा कॅश घरीच नव्हता. आणि हातात बिअर धरून हेलिकॉप्टर चालवता येत नाही. पण दुरुस्ती कोण ऐकतो? दंतकथेला गाणे लागत नाही, यंत्र पुरते. ती इतकी मोठी झाली, की त्या फितीवर काय होते आणि ते तसे का होते, हा प्रश्नच तिच्या पंखांच्या आवाजात बुडून गेला.

३

प्रश्न असा विचारायला हवा: ब्लेक वाचलेला माणूस नॅशव्हिलला गेला, तेव्हा ब्लेकचे काय झाले?

ब्लेकला आपण कवी म्हणून शिकवतो. त्याच्या १७८९ आणि १७९४ च्या संग्रहांच्या शीर्षकातच 'गीते' हा शब्द आहे. पण वर्गात आपण तो एखाद्या रूपकासारखा बाजूला ठेवतो. वस्तुस्थिती अशी, की ब्लेक आपल्या रचना स्वतःच्या चालींवर गात असे. जे. टी. स्मिथ या त्याच्या समकालीनाने याची नोंद करून ठेवली आहे. संगीताच्या जाणकारांनी त्यांतल्या काही चाली उतरवून घेतल्याचेही तो सांगतो. त्या चाली आज उपलब्ध नाहीत. म्हणजे आपण जो ब्लेक शिकवतो तो मुळातच अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा हरवला आहे याचे आपल्याला दुःखही नाही. मी स्वतः कित्येक वर्षे 'लंडन' ही कविता शिकवली. प्रतिमा, उपरोध, औद्योगिक क्रांती, सारे काही फळ्यावर लिहिले. ही कविता कुणाच्या तरी तोंडी कशी लागत असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. हा दोष एकट्या माझा नाही. आपल्या सगळ्या शिक्षणपद्धतीनेच कवितेला मुक्याने वाचायची वस्तू केले आहे.

क्रिस्टॉफरसनने ब्लेकमधून घेतले ते नेमके आपण टाकून दिलेले. 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' हे त्याचे गाणे पाहा. आदल्या रात्री भरपूर प्यालेला एक एकटा माणूस रविवारी उशिरा उठतो, मळक्या कपड्यांतलेच काहीतरी अंगावर चढवतो आणि रस्त्यावर येतो. गावाला सुट्टी आहे. कुठल्या तरी स्वयंपाकघरातून तळणाचा वास येतो, उद्यानात एक बाप आपल्या लहान मुलीशी खेळतो आहे, कुठून तरी मुलांच्या प्रार्थनागीताचे सूर येतात, आणि दूर एक घंटा वाजते. कथा म्हणावी असे काही घडत नाही. माणूस चालतो, त्याच्या कानावर आणि नाकावर दुसऱ्यांचे आयुष्य आदळत राहते, आणि त्या सगळ्यांत आपली जागा कुठेच नाही हे त्याला कळते.

'लंडन'मध्येही एक माणूस रस्त्याने चालतो आणि ऐकतो. ब्लेकच्या पादचाऱ्याला शहराचे आक्रोश ऐकू येतात, त्यांतून त्याला सत्तेचे अदृश्य साखळदंड दिसतात. क्रिस्टॉफरसनच्या पादचाऱ्याला आक्रोश ऐकू येत नाही. त्याला दुसऱ्यांचे सुख ऐकू येते, आणि तेच त्याला सहन होत नाही. मूळ रचना उलटी केली आहे, पण तिची हाडे तीच आहेत. हे साम्य माझ्या वाचनातले आहे, त्याने कुठे कबूल केले म्हणून मी ते सांगत नाही. पण ज्याने ब्लेक मन लावून वाचला तोच असे गाणे लिहू शकेल, एवढे मी पैजेवर सांगतो.

मग साहित्य सुटले कुठे? ते ऑक्सफर्डहून निघाले आणि अडीचशे पावलांच्या एका गाण्यात जाऊन बसले.

४

यावर एक आक्षेप येईल: असे असेल तर त्याने कविताच का लिहिल्या नाहीत? नॅशव्हिलच्या बाजारात जाण्याचे कारण काय?

उत्तर असे, की नॅशव्हिलमध्ये त्याला जी शिस्त मिळाली ती कवितेच्या कुठल्याही वर्गात त्या काळी मिळत नव्हती. कंट्री संगीत आपल्याकडे फारसे ऐकले जात नाही; ते ऐकण्याआधीच त्याची घोड्यावरचा गोरा माणूस, टोपी आणि रडगाणे अशी व्यंगचित्रे आपण पाहिलेली असतात. प्रत्यक्षात तो स्कॉटिश-आयरिश पोवाडे, आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेले बँजो, काळ्यांचे ब्लूज आणि चर्चमधली भजने यांच्या मिश्रणातून दक्षिणेच्या डोंगराळ आणि कापूसपिकाच्या मुलखात तयार झालेला गानप्रकार आहे. १९२५ मध्ये नॅशव्हिलच्या नभोवाणीवर 'ग्रँड ओल ऑप्री'चा कार्यक्रम सुरू झाला, १९२७ मध्ये ब्रिस्टल येथे जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली, आणि हे संगीत बाजारात आले. बाजाराने त्याचे पुष्कळ नुकसान केले. पण एक नियम बाजारानेही मोडला नाही: तीन मिनिटांत, रोजच्या बोलण्यातल्या शब्दांत, एक माणूस आणि त्याची अडचण उभी राहिली पाहिजे. जो शब्द ट्रकचालकाच्या तोंडी बसणार नाही, तो शब्द गाण्यात चालणार नाही.

साहित्याच्या पदवीधराला हा नियम सोपा वाटतो आणि पाळायला गेला की घाम फुटतो. क्रिस्टॉफरसनची सुरुवातीची गाणी पाहिली तर हे लक्षात येते. डेव्ह डडलीने १९६६ मध्ये गायलेले त्याचे 'व्हिएटनाम ब्लूज' हे गाणे युद्धविरोधी निदर्शकांवर चिडलेल्या सैनिकाचे आहे. त्यात मत आहे, आवेश आहे. माणूस मात्र जेमतेम आहे. चार वर्षांनी आलेल्या 'संडे मॉर्निंग'मध्ये मत अजिबात नाही, नुसता माणूस आहे. या दोन गाण्यांमधले अंतर म्हणजे एका लेखकाचे शिक्षण होय. ते कुठल्याही विद्यापीठात झाले नाही. प्रकाशकांच्या कचेऱ्यांत, नकार ऐकत आणि पुन्हा लिहीत झाले. डिलनने २०१५ मधल्या एका भाषणात नॅशव्हिलच्या इतिहासाचे क्रिस्टॉफरसनच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन भाग पाडले. ते खरेच आहे. पण नॅशव्हिल नसते तर क्रिस्टॉफरसनही झाला नसता, हे त्याच वाक्याचे दुसरे टोक आहे आणि ते आपण विसरतो.

५

आता त्याहून महत्त्वाचा मुद्दा. क्रिस्टॉफरसनला स्वतःला गाता येत नसे, असे म्हणण्याची पद्धत आहे. तोही आपल्या खरखरीत आवाजाची थट्टा करीत असे. १९७० मध्ये मॉन्युमेंट कंपनीने काढलेली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. पण त्याच सुमारास त्याची गाणी दुसऱ्यांच्या आवाजात सगळीकडे वाजत होती. रे प्राइसने 'फॉर द गुड टाइम्स' गायले, कॅशने 'संडे मॉर्निंग' गायले आणि त्या गाण्याला १९७० चा कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'वर्षातील सर्वोत्तम गीत' हा पुरस्कार मिळाला. कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते सादर व्हायचे होते, तेव्हा नशेचा उल्लेख करणारा एक शब्द बदलावा असे वाहिनीचे म्हणणे होते. कॅशने शब्द बदलला नाही. एका शब्दासाठी हटून बसणे हा वाङ्मयीन व्यवहार नसेल, तर वाङ्मयीन व्यवहार म्हणजे काय हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' हे गाणे घ्या. उद्याचे वचन न मागता, पाप-पुण्याचा हिशेब न मांडता, एका रात्रीपुरती सोबत मागणाऱ्या माणसाचे हे गाणे. लिहिणारा पुरुष, बोलणारा पुरुष. केसांतली फीत समोरच्या स्त्रीच्या केसांत. सॅमी स्मिथ या गायिकेने ते गायले आणि ती फीत स्वतःच्या केसांत आणली. बदलले ते एक सर्वनाम. पण १९७१ च्या अमेरिकेत, त्यातही कंट्री संगीताच्या सोवळ्या श्रोतृवर्गात, एका बाईने अशी सोबत उघडपणे मागणे हा एक वेगळाच मजकूर होता. पुरुषाच्या तोंडी जी विनवणी जुन्याच खेळातली एक चाल वाटू शकते, ती बाईच्या तोंडी धाडस होते, आणि त्याखाली एकटेपणा अधिक उघडा पडतो. ते गाणे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी गीतकाराला आणि गायिकेला, दोघांनाही, ग्रॅमी मिळाले. मग ग्लॅडिस नाइटने ते गायले, तर 'फॉर द गुड टाइम्स' अल ग्रीनने गायले. गोऱ्यांचे म्हणून हिणवले जाणारे संगीत काळ्या गायकांच्या गळ्यातून गेले आणि आणखी निराळे झाले.

'मी अँड बॉबी मॅगी'ची गोष्ट तर प्रत्येक साहित्यवर्गात सांगावी अशी आहे. शीर्षक सुचवले मॉन्युमेंटचे प्रमुख फ्रेड फॉस्टर यांनी. ते होते एका कचेरीतल्या सचिव बाईंच्या नावावरून, आणि क्रिस्टॉफरसनने आडनाव चुकीचे ऐकले. आशय आला फेलिनीच्या १९५४ च्या 'ला स्त्रादा' या चित्रपटातून. रस्त्यावर खेळ करणारा झांपानो आपल्या सोबतिणीला झोपेत सोडून निघून जातो. पुढे कित्येक वर्षांनी एक बाई कपडे वाळत घालताना त्या सोबतिणीची धून गुणगुणत असते; ती वारली हे त्याला तिच्याकडून कळते, आणि रात्री समुद्रकाठी तो कोसळतो. तो आता मोकळा आहे, आणि त्या मोकळेपणानेच त्याचा सर्वनाश केला आहे. क्रिस्टॉफरसनच्या गाण्यातली स्वातंत्र्याची जगप्रसिद्ध व्याख्या इथून आली. लोक ती छातीवर छापून हिंडतात, जणू ते स्वातंत्र्याचे स्तोत्र आहे. गाणे संपूर्ण ऐकले तर कळते, की बोलणारा माणूस त्या स्वातंत्र्याच्या बदल्यात आपले सगळे उद्याचे दिवस द्यायला तयार आहे.

रॉजर मिलरने १९६९ मध्ये हे गाणे पहिल्यांदा गायले, तेव्हा बॉबी ही स्त्री होती. जॅनिस जॉप्लिनने १९७० मध्ये मृत्यूपूर्वी थोडेच दिवस ते ध्वनिमुद्रित केले आणि बॉबीला पुरुष केले. क्रिस्टॉफरसनने तिचे गाणे ऐकले ते तिच्या मृत्यूनंतर. १९७१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. आता हेच गाणे मराठीत आणायचे ठरवा. पहिल्याच ओळीला अडखळाल: बॉबी गेला की गेली? 'मी' चालत होतो की चालत होते? इंग्रजीतला 'मी' कुणाच्याही अंगात शिरू शकतो. आपली क्रियापदे मात्र बोलणाऱ्याला आधी लिंग विचारतात. जॉप्लिनने एका सर्वनामावर जे केले, त्यासाठी मराठी भाषांतरकाराला अख्खे गाणे पुन्हा बांधावे लागेल. संहिता, कर्ता, निवेदक, वाचक यांच्यातील संबंधांवर आपण जी जड पुस्तके नेमतो, त्यांतले निम्मे सिद्धांत या एका गाण्याच्या तीन ध्वनिमुद्रणांनी समजावता येतात.

६

२०१६ मध्ये डिलनला नोबेल मिळाले तेव्हा आपल्याकडेही वाद झडला. 'गीतकाराला साहित्याचे नोबेल?' असे विचारणाऱ्यांचा एक पक्ष होता. मराठीत कवी आणि गीतकार हे दोन शब्द जवळजवळ दोन वर्णांसारखे वापरले जातात. पहिल्यातून दुसऱ्यात गेलेला माणूस 'बाटला' असे आपण तोंडाने म्हणत नाही, एवढेच. या पक्षाविषयी अधिक लिहीत नाही. ज्यांच्या स्वतःच्या भाषेतील थोर काव्य टाळ-मृदंगाच्या साथीने गायले जाते, त्यांनी हा प्रश्न विचारावा हेच पुरेसे बोलके आहे.

माझे खरे भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. कारण तो मित्र म्हणून येतो. 'डिलन हा कवीच आहे, क्रिस्टॉफरसनही कवीच आहे' असे तो प्रेमाने म्हणतो आणि पुरावा म्हणून गाण्याचे शब्द कागदावर छापून दाखवतो. यासारखा घात दुसरा नाही. कागदावर 'फॉर द गुड टाइम्स' साधे दिसते, ठिकठिकाणी गुळगुळीतही दिसते. कुणी म्हणेल, हे तर सामान्य पद्य आहे. आणि तो चूक असणार नाही. कारण त्याच्यासमोर गाणे ठेवलेलेच नाही, गाण्याचे कातडे ठेवले आहे. प्राइसच्या आवाजातले थांबणे आणि एका सामान्य शब्दावर पडलेला श्वास हा त्या रचनेचाच भाग आहे, तिच्यावरचा दागिना नाही. गाण्याला कवितेचा दर्जा द्या असे माझे म्हणणे नाही. दर्जा देणारे आपण कोण, हा माझा प्रश्न आहे. गाणे हा साहित्याचा स्वतःच्या नियमांनी चालणारा प्रकार आहे, आणि त्याची कसोटी कवितेहून निराळी आहे: ते दुसऱ्याच्या तोंडी टिकते का? तिथे गेल्यावर त्यातून नवे काही निघते का? या कसोटीवर आपल्या संग्रहांतल्या किती कविता उतरतील, याचा विचार मी तुमच्यावर सोपवतो.

हे आपल्या मोठ्या कवींना ठाऊक नव्हते असे नाही. अरुण कोलटकरांनी इंग्रजीत खास गाण्यासाठी म्हणून रचना केल्या. त्यांच्या निधनानंतर २००९ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स'मध्ये त्या आहेत. कोलटकरांवर आपल्याकडे प्रबंध होतात, चर्चासत्रे होतात. या गीतांचा उल्लेख झालाच तर तो छंदाचा, फावल्या वेळेतला म्हणून होतो. कवीला दार उघडे दिसते, समीक्षकाला भिंतच दिसते.

७

क्रिस्टॉफरसनची आरती ओवाळण्यासाठी हा लेख नाही. १९७३ नंतरच्या त्याच्या कित्येक ध्वनिमुद्रिका सामान्य आहेत. चित्रपटांनी त्याला 'अ स्टार इज बॉर्न'साठी गोल्डन ग्लोब दिले आणि लिहिण्याची वर्षे नेली. १९८० च्या 'हेवन्स गेट'च्या दारुण अपयशाने ती कीर्तीही ओसरली. त्याच्या गाण्यांतल्या स्त्रिया पुष्कळदा निघून जाणाऱ्या पुरुषाला उब देण्यापुरत्या असतात. सॅमी स्मिथ आणि जॉप्लिन यांनी त्या गाण्यांवर उपकार केले ते याच कारणाने. १९८० च्या दशकात निकाराग्वातील अमेरिकी हस्तक्षेपाविरुद्ध तो ठामपणे उभा राहिला, श्रोते गमावून उभा राहिला. पण 'थर्ड वर्ल्ड वॉरियर' या १९९० च्या ध्वनिमुद्रिकेत मत पुन्हा माणसाच्या पुढे धावताना दिसते. 'व्हिएटनाम ब्लूज'मधला दोष बाजू बदलून परत आला. भूमिका योग्य असली म्हणून गाणे चांगले होत नाही, हे आपल्या बांधिलकीवादी समीक्षेनेही एकदा ध्यानात घ्यायला हरकत नाही.

माणूस म्हणून मात्र त्याने शब्द आणि जागा यांचे भान सोडले नाही. १६ ऑक्टोबर १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शिनेड ओ'कॉनर मंचावर आली. पोपचे छायाचित्र दूरचित्रवाणीवर फाडल्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. हजारो लोक तिची हुर्यो उडवू लागले. तिला खाली आणायला क्रिस्टॉफरसनला पाठवले होते. तो गेला आणि तिच्या कानात धीराचे शब्द बोलून तिच्यापाशी उभा राहिला. पुढे २००९ मध्ये त्याने तिच्यावर एक गाणेही लिहिले.

शेवटी शेवटी त्याची स्मरणशक्ती क्षीण होत गेली. तरीही एप्रिल २०२३ मध्ये विली नेल्सनच्या नव्वदीनिमित्त लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये तो मंचावर आला आणि रोझॅन कॅश व नोरा जोन्स यांच्या सोबतीने आपली गाणी गायला. आवाज उरला नव्हता. त्या दोघी शब्द उचलून धरत होत्या आणि तो त्यांच्या आधाराने पुढे जात होता. कर्त्याकडून निसटत चाललेली रचना दुसऱ्यांच्या गळ्यात शाबूत होती. छापील पानालाच साहित्याचे एकमेव घर मानणाऱ्यांना याचा अर्थ कसा लावायचा हे सुचणार नाही.

तेव्हा पुढच्या सत्रात ब्लेक शिकवायला घ्याल, त्या दिवशी वर्गात 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' एकदा वाजवा. कॅशचे वाजवा, मग खुद्द क्रिस्टॉफरसनचे वाजवा, आणि मुलांना विचारा, की दोन गाण्यांत काय बदलले. अभ्यासक्रमात नाही म्हणून कुणी हरकत घेतली तर सांगा, अर्धा ब्लेकही अभ्यासक्रमात नाही.